लोणी कुठं अडलं?

ठाण्याहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा-बायको दोघंही नोकरीला. सासूबाई गावाकडून चार महिन्यांसाठी राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात लोण्यावरून कुरबुर सुरू झाली. "आमच्याकडे आठवड्याला किलोभर लोणी निघायचं. तुझ्याकडे रोज लिटरभर दूध येतं आणि लोणी बघावं तर लिंबाएवढं! साय जाते तरी कुठं?" हा शेवटचा प्रश्न सूनबाईंच्या फार मनाला लागला आहे. आता त्यांचा विचार असा, की डेअरीतून पाव किलो पांढरं लोणी आणावं आणि सायीच्या भांड्यात गुपचूप मिसळून द्यावं. घरात शांतता तरी नांदेल!

ताई, हे मात्र करू नका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला हा प्रकार. या आठवड्यात पाव किलो मिसळाल, पुढच्या आठवड्यात सासूबाई अर्धा किलोची वाट बघतील. त्यापेक्षा दुधाची रिकामी पिशवी त्यांच्यासमोर ठेवा आणि तिच्यावर काय छापलंय ते दोघी मिळून वाचा. तुम्ही पत्रात लिहिलंय, की तुमच्याकडे टोन्ड दूध येतं. भांडणाचं मूळ तिथंच आहे. तुमचा हात किंवा त्यांचा हात याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का, फुल क्रीममध्ये ६ टक्के. गावाकडच्या घरच्या म्हशीच्या दुधात तो सात टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या एका लिटरात लोण्याचा ऐवज फार तर ३० ग्रॅम. आठवड्याच्या सात लिटरांत २१० ग्रॅम. त्यातला काही दुधातच राहतो आणि चहातून, मुलांच्या पेल्यातून पोटात जातो. काही ताकाबरोबर जातो. मग किलोभर लोणी यायचं कुठून? सासूबाईंच्या घरी रोजचं पाच-सहा लिटर दूध, तेही दुपटीनं दाट. दोन्हीची तुलनाच चुकीची आहे, आणि हा हिशोब त्यांना नीट सांगितला तर त्यांनाही पटेल. बहुतेक सासवांना हिशोब कळतो, त्यांना कुणी सांगत नाही इतकंच!

टोन्ड दूध वाईट असतं, असं यावरून समजू नका. म्हशीचं दाट दूध, दुधाची पावडर आणि पाणी यांचा मेळ घालून कमी दुधात जास्त घरं भागवायची, ही युक्ती आपल्या मुंबईच्याच दारा खुरोडी यांची. त्यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या कितीतरी मुलांना त्यामुळे परवडणारं दूध मिळालं. फक्त त्या दुधाकडून लोण्याची आशा धरू नये.

आणखी एक गोष्ट पिशवीवर बघा. 'होमोजिनाइज्ड' असं छापलं असेल, तर त्या दुधातले स्निग्ध कण यंत्रात फोडून इतके बारीक केलेले असतात, की ते वर येतच नाहीत. गाईच्या दुधाच्या बऱ्याच पिशव्या आणि महिनोन्‌महिने टिकणारे खोक्यातले दूध या प्रकारचे. अशा दुधावर पातळ पापुद्रा धरतो, जाड साय धरत नाही. लोणी करायचं असेल तर साधं फुल क्रीम किंवा खात्रीचं म्हशीचं दूध घ्यावं. रोज परवडत नसेल तर निम्मं ते आणि निम्मं टोन्ड घेऊन वेगवेगळं तापवावं.

आता साय. दूध पसरट पातेल्यात तापवा. उकळी आली की गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. वर घट्ट झाकण घालू नका, वाफेचं पाणी सायीवर पडतं, जाळी ठेवा. गार झालं की न ढवळता, न हलवता फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि पाच-सहा तास त्याला हात लावू नका. चहापुरतं दूध आधीच वेगळं काढून ठेवावं, नाहीतर दर अर्ध्या तासाला कुणीतरी पातेलं हलवतंच! मग झाऱ्यानं अलगद साय उचला.

पहिल्या दिवशीच्या सायीला चमचाभर ताजं, आंबट नसलेलं दही लावा. रोजची साय त्यात घालून ढवळत जा आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवा. पुष्कळजणी आठवडाभर नुसतीच गोडी साय साठवतात आणि शेवटच्या दिवशी विरजतात. गारठ्यातही वाढणारे काही जंतू असतात. ते सायीला कडू करतात, आणि तो कडवटपणा तुपापर्यंत येतो. आधीपासून विरजण असलं की आंबटपणामुळे त्यांचं फारसं चालत नाही. तरीही आठ दिवसांच्या वर ठेवू नये. फ्रीज नसेल तर दोन-तीन दिवसांनी घुसळून मोकळं व्हावं.

घुसळायच्या आदल्या रात्री भांडं बाहेर काढून ठेवा, म्हणजे सगळी साय सारखी लागते. आणि आता येतो तो प्रश्न, ज्यावर दर उन्हाळ्यात आणि दर थंडीत पत्रं येतात: "तासभर घुसळलं, नुसता फेस! लोणी येतच नाही!"

याचं उत्तर उष्णतेत आहे. सायीतल्या प्रत्येक स्निग्ध कणाभोवती पातळ आवरण असतं. घुसळण्यानं ते फुटतं आणि कण एकमेकांना चिकटतात. पण चिकटायला ते अर्धवट मऊ, अर्धवट घट्ट असावे लागतात. फार गार असले तर खड्यांसारखे एकमेकांवर आपटून बाजूला होतात. फार गरम असले तर तेलासारखे विरघळून पसरतात. म्हणून वैशाखात बर्फाचं पाणी घालायचं आणि पौषात हाताला जेमतेम कोमट लागेल असं. आपल्या आज्या बोट बुडवून ठरवायच्या, त्यांना थर्मामीटर लागला नाही. म्हशीचं लोणी गाईच्या लोण्यापेक्षा घट्ट, त्यामुळे ते उन्हाळ्यात जरा बरं वागतं. गाईचं पिवळसर आणि मऊ, त्याला गारवा जास्त लागतो.

रवीनं करा की मिक्सरमध्ये, लोण्याला फरक पडत नाही. मला स्वतःला रवी आवडते, कारण हाताला कळतं. घुसळखांब आणि डेरा आता फ्लॅटमध्ये कुठं बांधणार, पण उंच पातेलं आणि लाकडी रवी कुठंही चालते. मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि सलग फिरवू नका. थांबत थांबत, कमी वेगावर. आधी साय फुगून घट्ट होते, आवाज जड होतो. इथंच घाबरून पुष्कळजणी सोडून देतात! थोडं थांबून पुन्हा फिरवा. मग एकदम आवाज बदलतो, पाणी हिंदकळल्यासारखा, आणि झाकण उघडलं तर रव्यासारखे कण दिसतात. तिथं थांबायचं. गार पाणी घालायचं आणि हातानं गोळा करायचं. त्यापुढं फिरवत राहिलात तर मिक्सरच्या उष्णतेनं आलेलं लोणी परत लिबलिबीत होतं.

गोळा दोन-तीन पाण्यांत धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आत राहिलेलं ताकच लोणी आंबवतं. खायला ठेवायचं तर गार पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. चार-पाच दिवस छान राहतं. ताक दिवसच्या दिवस संपवावं. जास्त आंबट झालं असेल तर कढीला द्यावं.

तूप कढवताना जाड बुडाचं भांडं आणि बारीक गॅस. आधी चुरचुर वाजतं, तेवढं पाणी उडतंय. आवाज शांत झाला, वरचा फेस विरळ झाला आणि तळची बेरी बदामी दिसली की लगेच उतरवा. गरम भांड्यात ती पुढं आपोआप तांबूस होते. त्या पाच मिनिटांत फोन आला तरी घ्यायचा नाही! उतरवल्यावर विड्याचं पान टाकलं तर वास सुरेख येतो. तूप कणीदार हवं असेल तर गाळून तसंच ओट्यावर सावकाश निवू द्या, फ्रीजमध्ये घालू नका. बेरीत साखर कालवून मुलांना पोळीबरोबर द्या, ती फेकून देणाऱ्या घरांची मला कीव येते.

ठाण्याच्या ताईंनी एक करावं. पुढचा एक आठवडा रोज लिटरभर फुल क्रीम दूध आणावं, साय सासूबाईंच्या हवाली करावी, आणि रविवारी घुसळायलाही त्यांनाच बसवावं. वजनकाट्यावर लोणी ठेवलं की काय निघतं ते दोघींना दिसेल. किलोभर निघणार नाही, हे आधीच सांगते. पण लिंबाएवढंही नसेल. त्या दिवशी सकाळी भाजणीचं थालीपीठ लावा.