सायकल घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा



आंब्याचा हंगाम आटोपला आणि शाळा-कॉलेजे उघडण्याचे दिवस जवळ आले, की आमच्या रत्नागिरीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, सायकल घ्यायची आहे. कोणत्या कंपनीची घेऊ?" विचारणारा कधी विद्यार्थी असतो, कधी त्याचे वडील. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि कॉलेजात सायकलने जातो, एवढ्यावरून माझे मत मोलाचे ठरते. पूर्वी मी या प्रश्नाचे झटकन उत्तर देत असे. आता देत नाही. का, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी अकरावीतल्या एका मुलाने मला हाच प्रश्न विचारला. त्याचे गाव डोंगर उतरून खाली. वडिलांनी कलमांच्या राखणीतून साठवलेले पैसे त्याच्या हाती दिले होते. मी ऐटीत कागद-पेन्सिल घेतली, त्याला गिअरचे दाते मोजायला लावले, वजनाचा हिशोब करून दाखवला आणि एक सायकल पसंत केली. दिसायला देखणी, रिमा आरशासारख्या चकचकीत. जुलैतल्या एका संध्याकाळी भर पावसात उतारावर त्याने दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल थांबली नाही. गटाराच्या कडेला आदळून त्याचे मनगट मोडले. त्या सहामाहीच्या परीक्षेला तो बसू शकला नाही. मी दाते मोजले होते, वजन मोजले होते. रिम कसली आहे हे पाहिले नव्हते. ती चूक त्याची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून माझे मत बनले आहे ते असे: कंपनीचे नाव, रंग, चिकटपट्ट्या आणि सवलतीचा आकडा हे सगळे शेवटी पाहावे. आधी आपला रस्ता पाहावा, मग सायकलीचे भाग एकेक करून तपासावेत. आणि ही तपासणी नववी-दहावीचा कोणताही विद्यार्थी करू शकतो.

रिम कसली आहे?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून आपला पहिला प्रश्न ब्रेकचा. रिमवर रबर दाबून चालणारा ब्रेक घर्षणावर अवलंबून असतो. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली, की रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो. अशा वेळी घर्षण कोरड्या रिमच्या सुमारे एक दशांशापर्यंत खाली आल्याचे प्रयोगांत आढळले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरही पावसात पकड कमी होते, पण इतकी नव्हे.

याचा अर्थ काय ते पाहू. तुम्ही सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालला आहात. कोरड्या रिमवर ब्रेकमुळे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके ऋण त्वरण मिळते असे धरा. वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागले, की थांबण्याचे अंतर येते ५ मीटर. आता घर्षण एक दशांश झाले. अंतर झाले ५० मीटर! आणि हा हिशोब सपाट रस्त्याचा. बाराला एक अशा उतारावर गुरुत्वाकर्षणच सायकलीला सुमारे ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण देते आणि ओला ब्रेक विरोध करतो फक्त ०.२५ चा. म्हणजे ब्रेक दाबूनही सायकलीचा वेग वाढतच जातो. त्या मुलाचे नेमके हेच झाले.

म्हणून दुकानात जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा आणि तो रिमला लावा. चिकटला, तर रिम पोलादी. चिकटला नाही, तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. दुकानदार हसेल, हसू द्या. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क रस्त्यावरच्या पाण्या-चिखलापासून बरीच वर असते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात त्याला खरोखरच अर्थ आहे. पण तो नीट जुळवून देणारा कारागीर जवळपास आहे का, हेही विचारा. आणि घरची सायकल पोलादी रिमची असेल तर तिला टाकून देऊ नका. पावसात उताराच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके लावत राहा. रिम पुसली जाते आणि पकड थोडीफार परत येते. जिथे उतार फार असेल तिथे सरळ उतरून चाला. यात कमीपणा कसला?

एकवीस गिअर म्हणजे खरे किती?

आता चढ. मांडवीहून मारुती मंदिराकडे यायचे तर चढावेच लागते. पेडल एकदा पूर्ण फिरले की सायकल किती पुढे जाते, हे मागच्या चाकाचा परीघ आणि पुढच्या-मागच्या चक्रांच्या दात्यांचे गुणोत्तर यांवर ठरते. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर गुणोत्तर २.४४. चाकाचा परीघ २.०७ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर जाते. स्वार आणि सायकल मिळून ७० किलोग्रॅम आणि चढ बाराला एक, तर घर्षण सोडून देऊनसुद्धा पेडलवर सरासरी २७० न्यूटन बल लावावे लागते. म्हणजे जवळजवळ २७ किलोचे ओझे प्रत्येक फेऱ्यात सतत दाबत राहायचे. गिअरच्या सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ दाते घेतले, तर तेच काम ९५ न्यूटनमध्ये होते. मात्र पेडल पावणेतीन पटींहून थोडे जास्त वेळा फिरवावे लागते. कार्य तेवढेच राहते. निसर्ग काही फुकट देत नाही.

तेव्हा चढाच्या गावात गिअर उपयोगी आहेतच. पण "२१ गिअर" या आकड्याने भारावून जाऊ नका. पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८ दाते असलेली सायकल घ्या आणि गुणोत्तरे मांडून पाहा. ४२ भागिले २८ म्हणजे १.५, २४ भागिले १६ म्हणजेही १.५. ४२ भागिले २४ म्हणजे १.७५, २४ भागिले १४ म्हणजे १.७१, ३४ भागिले २० म्हणजे १.७०. नावे तीन, गिअर जवळजवळ एकच! म्हणून गिअर किती हे विचारण्याऐवजी सर्वांत लहान गुणोत्तर किती हे विचारा. मारुती मंदिराचा चढ त्या आकड्यावर चढायचा असतो.

ज्यांना गिअरची सायकल परवडत नाही त्यांनीही निराश होऊ नये. साध्या सायकलीचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवले, तर वरच्या उदाहरणातले २७० न्यूटन सुमारे २२० वर येतात. चेनला एखाद-दोन कड्या वाढवाव्या लागतील, एवढेच. इतक्या थोड्या पैशांत इतका लाभ देणारा दुसरा बदल मला ठाऊक नाही.

हलकेपणाची किंमत

दुकानात हलक्या सायकलीचे फार कौतुक चालते. तेही मोजू. ७० किलोग्रॅम वस्तुमान ६० मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ४१,००० ज्यूल ऊर्जा लागते. दोन किलो हलकी सायकल घेतली तर त्यातले सुमारे १,२०० ज्यूल वाचतात, म्हणजे शेकडा तीनपेक्षाही कमी. तुमच्या दप्तरात रोज न लागणारी दोन किलोंची वह्या-पुस्तके असतील, तर ती घरी ठेवा. तेवढाच लाभ फुकटात होईल. पुढे स्प्रिंगचा दांडा असलेली सायकल घेताना हेही लक्षात घ्या, की स्वस्त स्प्रिंगने वजन वाढते आणि चढावर उभे राहून पेडल मारताना तुमची काही शक्ती ती खालीवर होण्यात घालवते. डांबरी रस्त्यासाठी टायरमधली हवा हीच चांगली स्प्रिंग आहे. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर आणला तो याचसाठी.

बुटांचेही असेच आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा शर्यतींतले स्वार पेडलला अडकणारे, टणक तळव्याचे खास बूट वापरतात. रात्रंदिवस पेडल मारणाऱ्याला त्याची गरज असते. चार किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्याला ती नाही. त्या बुटांमागचे तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. तळवा मऊ असेल तर तो पेडलभोवती वाकतो आणि सगळे बल पावलाच्या थोड्याशा भागावर येते. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून पाय दुखतो. तळवा टणक असेल तर तेच बल पसरते. तेव्हा सायकलसाठी वेगळे बूट नकोत. टणक तळव्याचे साधे बूट चालतील. पावसाळ्यात मागे पट्टा असलेले सँडल. घसरणारी सपाता मात्र नको आणि चेनमध्ये अडकेल अशी लोंबणारी नाडीही नको. बुटांवरचे वाचलेले पैसे खडबडीत पकडीच्या पेडलवर खर्च करा. पेडल स्वतः बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर आणखी घट्ट बसेल.

पट्टी आणि पावती

आपल्याकडची खारी हवा लोखंडाची वैरीण. चेनची तपासणी मात्र कंपासपेटीतल्या पट्टीने होते. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणून अशी २४ अंतरे बरोबर १२ इंच भरली पाहिजेत. पिना झिजल्या की चेन 'लांबते'. माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले, की चेन बदला. आठव्या भागाने वाढेपर्यंत थांबलात तर ती दातेही खाऊन टाकते. मग स्वस्त चेनबरोबर महाग चक्रेही बदलावी लागतात.

टायर घेतानाही नुसते "२६ चा द्या" म्हणू नका. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या एका टायरचा आतला व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर दुसऱ्याचा ५५९. एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला हा तीन आकडी अंक वहीत लिहून न्या.

शेवटी किंमत. किंमत म्हणजे पावतीवरचा आकडा, असे समजू नका. दर किलोमीटरला किती पडले ते काढा. समजा शाळा चार किलोमीटरवर आहे आणि वर्षात २२० दिवस जायचे आहे. म्हणजे वर्षाला १,७६० किलोमीटर. एक सायकल ६,००० रुपयांची, वर्षाला १,००० रुपये दुरुस्ती, आणि दोन वर्षांत निकामी: किलोमीटरला सुमारे २ रुपये २७ पैसे. दुसरी ९,००० ची, वर्षाला ६०० रुपये दुरुस्ती, आणि सहा वर्षे टिकणारी: १ रुपया १९ पैसे. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. हल्ली खोक्यातून घरपोच येणारी सायकल सवलतीत मिळते. ती जोडण्याची मजुरी आणि सुटे भाग गावात मिळतात की नाही, हेही या हिशोबात धरा. हातातले पैसे कमी असतील तर चांगल्या सांगाड्याची जुनी सायकल घेऊन तिला नवे ब्रेकचे रबर, नवी चेन आणि जमल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा घालणे हा मला नव्या, स्वस्त, चकचकीत सायकलीपेक्षा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

कोणी म्हणेल, सायकलसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला? पण ती क्षुल्लक नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण लक्षणीय वाढले, असे अभ्यासकांना दिसून आले. ज्या घरात दुसरे वाहन नाही, तिथे सायकल बिघडली की शाळा बुडते. घरातल्या मोठ्या खर्चाचा निर्णय जाहिरातीवर सोडायचा, की मोजून घ्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. तरफ, घर्षण, दाब, कार्य आणि ऊर्जा शिकवताना आपण फळ्यावर आकृत्या काढतो आणि या सगळ्याचे जिवंत उदाहरण शाळेच्या भिंतीला टेकून उन्हात उभे असते. एक तास ती सायकल वर्गात आणा. मुलांना दाते मोजू द्या, चेनवर पट्टी ठेवू द्या, रिमला चुंबक लावू द्या. साहित्याचा खर्च शून्य.

तो मुलगा पुढे पदवीधर झाला. सायकल त्याच्याकडे अजून आहे, फक्त रिमा बदललेल्या. आता त्याची धाकटी बहीण ती चालवते. परवा तिच्या मैत्रिणीने तिच्यादेखत मला विचारले, "सर, कोणत्या कंपनीची घेऊ?" मी तोंड उघडण्यापूर्वी तीच म्हणाली, "आधी रिम कसली आहे ते बघ."