शंभर फुटांचा हिशेब

फिल्मवर फोटो काढायचेत म्हणणारी विशी-पंचविशीतली मुलं हल्ली वरचेवर भेटतात. काकांचा किंवा आजोबांचा कॅमेरा कपाटातून निघालेला असतो, दुरुस्तही झालेला असतो. दोन-तीन रोल संपले की पैशांचा विषय निघतो. रोलची किंमत, तो धुण्याचा खर्च, वर स्कॅनिंग. मग बटण दाबताना हात आखडतो, आणि हात आखडला की शिकणं थांबतं. या मुलांना मी एकच सांगतो : कृष्णधवल फिल्म शंभर फुटी डब्यात घ्या आणि रोल स्वतः भरा.

हिशेब सोपा आहे. १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर. ३५ मिलिमीटर फिल्मवर एक फोटो आणि शेजारची फट मिळून ३८ मिलिमीटर जातात. ३६ फोटोंना झाले सुमारे १३७ सेंटिमीटर. कॅमेऱ्यात अडकवायची पुढची जीभ आणि गाभ्याला चिकटवायचं मागचं टोक धरलं की १६५ च्या आसपास. एका डब्यातून १८ रोल निघतात. तेव्हा डब्याच्या किमतीला १८ ने भागा आणि आलेला आकडा त्याच फिल्मच्या सुट्या रोलशी ताडून पाहा. तो सुट्या रोलच्या दोन तृतीयांशांच्या आत असेल तर डबा घ्यावा, नसेल तर नाही. दर खरेदीला हा भागाकार करायलाच हवा, कारण सगळ्याच फिल्म डब्यात स्वस्त पडत नाहीत. इल्फर्डची एचपी५ प्लस, तिच्याच कारखान्यातली केंटमिअर आणि चेक प्रजासत्ताकातली फोमापॅन या तिन्ही शंभर फुटांत मिळतात. शिकणाऱ्याने केंटमिअर किंवा फोमापॅनपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बचत या भागाकारात दिसत नाही आणि मला तीच मोठी वाटते. रोल किती लांबीचा भरायचा, हे तुमच्या हातात येतं. नवी लेन्स तपासायची आहे, एका संध्याकाळी घाटावर जाऊन यायचं आहे, डेव्हलपरची वेळ पडताळायची आहे, तर १२ फोटोंचा रोल भरा आणि त्याच रात्री धुवा. ३६ चा रोल संपवायचा म्हणून कसलेही फोटो काढायचे, किंवा अर्धा रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवायचा, हे दोन्ही टळतं. आपली चूक त्याच दिवशी निगेटिव्हवर दिसली की पुढचा रोल नक्की सुधारतो.

यात नवं काही नाही. १९२५ मध्ये लायका बाजारात आला तेव्हा सिनेमाची फिल्म अंधारात कापून कॅसेटमध्ये भरणं हीच रीत होती. कारखान्यातून भरून येणारी, एकदा वापरून टाकून द्यायची कॅसेट कोडॅकने १९३४ मध्ये आणली. त्यानंतरही वर्तमानपत्रांच्या डार्करूममध्ये रोल भरून ठेवणं हे रोजचं काम होतं. आपल्याकडे पूर्व जर्मनीची ऑर्वो आणि उटीच्या सरकारी कारखान्यातली इंदू या फिल्मवर छायाचित्रकारांची एक अख्खी पिढी वाढली. त्या पिढीला फिल्मचा प्रत्येक इंच मोजून वापरायची सवय होती.

लागतो तो एक लोडर. काळी पेटी, एका अंगाला शंभर फुटांची गुंडाळी, दुसऱ्या अंगाला कॅसेटची जागा आणि बाहेर फिरवायची दांडी. पूर्ण अंधार फक्त एकदा लागतो, गुंडाळी पेटीत ठेवताना. खोली तेवढी काळोखी होत नसेल तर चेंजिंग बॅग वापरावी. पुढचं सगळं उजेडात होतं. बाहेर आलेलं फिल्मचं टोक कॅसेटच्या गाभ्याला मास्किंग टेपने चिकटवायचं, कॅसेट बंद करून जागेवर बसवायची, छोटं दार लावायचं आणि आकडा पाहत दांडी फिरवायची. चिकटवताना उजेड लागलेला तुकडा रोलच्या शेवटी येतो, म्हणून अखेरचे एक-दोन फोटो धरायचे नाहीत. महत्त्वाचं काही टिपायचं असेल तर ३४ वर थांबा.

काटकसर कॅसेटवर मात्र करू नका. तिच्या तोंडाशी मखमलीची पट्टी असते. तीत धुळीचा एक कण अडकला तरी निगेटिव्हवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओरखडा उमटतो, आणि तो कशानेच जात नाही. कॅसेट झाकणाच्या डबीत ठेवावी, भरण्यापूर्वी पट्टी ब्लोअरने साफ करावी, काही खेपांनंतर कॅसेट बदलावी. वॉटसनसारख्या लोडरमध्ये फिल्मची वाट फिरवून उघडावी लागते. ती न उघडता दांडी फिरवली तर फिल्म खरवडते, आणि ती बंद न करता दार उघडलं तर उजेड आतल्या फिल्मपर्यंत जातो. हा क्रम कागदावर लिहून पेटीवरच चिकटवावा. हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा दांडी सावकाश फिरवावी, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर उमटतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फ्रिजमधला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. प्रत्येक कॅसेटवर फिल्मचं नाव, वेग आणि भरल्याची तारीख लिहावी. ज्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वेग हाताने लावता येत नाही, त्यांच्यासाठी योग्य डीएक्स पट्टे असलेलीच कॅसेट वापरा.

नवा लोडर आपल्याकडे सहज मिळत नाही. पण जुने खूप आहेत. तालुक्याच्या गावचे कितीतरी स्टुडिओ बंद झाले, आणि त्यांच्या माळ्यावर एन्लार्जर, ट्रे, धुण्याच्या टाक्या यांच्यासोबत लोडरही पडून आहेत. लोडरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, पुसला की तो कामाला येतो. तुमच्या घरी असा स्टुडिओ होता का? असेल तर हे सामान भंगारात घालू नका. जवळच्या कला महाविद्यालयात किंवा फोटो क्लबात विचारा, फिल्मवर शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बोलावून घ्या, लोडर त्यांच्या हाती द्या, आणि पहिला रोल त्यांच्या शेजारी बसून भरून दाखवा.