गुन्हा मेलेल्यावरच?

आज भावाचा तेरावा. मुंबई-गोवा महामार्गावर अर्धवट सोडलेलं वळण, ना फलक ना दिवा. रात्री दुचाकी थेट खड्ड्यात. पोलिसांनी गुन्हा नोंदवला कुणावर? त्याच्यावरच! म्हणे, निष्काळजीपणे चालवत होता.

२०११ साली चौपदरीकरण सुरू करून अजून रखडवणारे मात्र काळजीवाहू!

मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९८-अ आहे. रस्ता सदोष ठेवल्याने जीव गेला, तर ठेकेदार, सल्लागार, जबाबदार यंत्रणा दोषी. दंड? जास्तीत जास्त एक लाख. माणसाची किंमत एवढीच, आणि तीही कुणी मागत नाही.

मंडळी, श्रद्धांजलीचे बॅनर नकोत. पंचनाम्यात खड्डा लिहून घ्या, फोटो काढा, १९८-अ साठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मी उद्या देतोय. कोण येतंय सोबत?