"सर, मी केलेला कोड फुकट का द्यायचा?"



छोट्या कारखान्यांना बिलिंग, स्टॉक, अकाउंटचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि वर्षभर सांभाळायचं, हा धंदा सुरू करणारे आपल्या बॅचमध्ये वाढतायत. त्यातले बरेच जण ईआरपीनेक्स्टवर काम करतात. आणि मग हा प्रश्न येतोच. "सर, रात्र जागून मी बग काढला. तो मूळ प्रोजेक्टला का द्यायचा? उद्या समोरचा तोच कोड वापरून माझं गिऱ्हाईक नेईल."

माझं मत सरळ आहे. द्या. धर्मादाय म्हणून नका देऊ, हिशोब करून द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं सॉफ्टवेअर. ऋषभ मेहता यांच्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायात ईआरपी बसवताना ज्या अडचणी आल्या, त्यातून ते सुरू झालं. कोड सगळ्यांना खुला आहे, लायसन्स जीपीएलचं. म्हणजे कोणीही वापरा, बदला, त्यावर पैसे कमवा. फक्त ज्याला कॉपी देता त्याला कोडही द्यावा लागतो आणि पुढे वाटायचा हक्कही त्याच्याकडे जातो. आता बघा, ग्राहकाच्या सर्व्हरवर तुम्ही बदललेली कॉपी बसवून दिलीत, तर तुमचं "गुपित" तसंही गुपित राहिलं नाही.

आता हिशोब. समजा तुमच्याकडे १२ ग्राहक आहेत आणि मूळ कोडमध्ये तुम्ही ५ ठिकाणी स्वतःचे बदल केलेत. नवीन व्हर्जन आलं की ते ५ बदल पुन्हा बसवायचे, जिथे मूळ कोडच बदललाय तिथे सोडवत बसायचं, मग १२ ठिकाणी तपासायचं. वर्षातून किती वेळा? आणि त्या कामाचं बिल कुठल्या ग्राहकाला लावणार? कोणीच देणार नाही. म्हणून मग अपडेटच टाळलं जातं. एक वर्ष, दोन वर्षं. सुरक्षेच्या दुरुस्त्याही राहून जातात. तोच बदल मूळ प्रोजेक्टने स्वीकारला असता, तर पुढच्या अपडेटबरोबर तो आपोआप आला असता, आणि तो मोडू नये ही काळजी तुमच्याबरोबर इतरांचीही झाली असती.

भारतात तर ही अडचण दुप्पट. ई-इनव्हॉइसचंच घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचं झालं. मग मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. तीन वर्षांच्या आत मोठ्या कंपन्यांचा नियम एमआयडीसीतल्या मधल्या शेडपर्यंत पोचला! अशा वेगात एकट्याने स्वतःची कॉपी सांभाळणं म्हणजे पुराच्या पाण्यात स्वतःपुरता बांध घालणं. ईआरपीनेक्स्टमध्ये जीएसटीचा भाग आता 'इंडिया कंप्लायन्स' या वेगळ्या ॲपमध्ये आहे, तेही ओपन सोर्स. देशभरातले तुमच्यासारखेच लोक ते वापरतात. नियम बदलला की सगळ्यांना एकाच वेळी घाम फुटतो, मग दुरुस्तीही एकाच ठिकाणी झालेली बरी ना?

"पण सर, स्पर्धक?" अहो, ग्राहक तुम्हाला कोडसाठी पैसे देतोय असं खरंच वाटतं? रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री दहा वाजता तुम्ही फोन उचलता म्हणून तो पैसे देतो. जुन्या टॅलीतले आयटम नीट आणून दिलेत, साठीच्या मुनीमजींना न चिडता एंट्री शिकवलीत, त्याचे देतो. ते काही गिटहबवर टाकता येत नाही. उलट तुमच्या नावावर स्वीकारलेले चार बदल असतील, तर नवीन ग्राहकाला दाखवायला त्याच्याइतकं चांगलं व्हिजिटिंग कार्ड नाही. कोणीही उघडून बघावं.

तुम्ही "मी मोठा प्रोग्रामर नाही" म्हणता ना, तिथेच तुमची खरी किंमत आहे. इचलकरंजीचा व्यापारी सूत सायझिंगला पाठवतो, तिथून ते मागावर जातं. माल दुसऱ्याच्या दारात, मालकी याची. जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटीत साधारण एका वर्षात परत आला पाहिजे, यंत्रसामग्रीला तीन वर्षं. हे कुशल प्रोग्रामरला माहीत असेलच असं नाही. तुम्ही ते रोज बघता. "चलन अमुक पद्धतीने केलं की शिल्लक चुकीची दिसते, हे करून बघा, हे अपेक्षित होतं" एवढं नीट लिहून पाठवलंत तरी ते योगदानच आहे. कोडची पहिली पायरी तीच.

सगळंच द्यायचं असंही नाही. एका ग्राहकाच्या बिलावर त्यांच्या कुलदैवताचा फोटो डावीकडे हवा, तर तो बदल मूळ प्रोजेक्टच्या गळ्यात मारू नका. त्यासाठी वेगळं कस्टम ॲप करता येतं, मूळ कोडला हात न लावता. आणि स्क्रीनशॉट पाठवताना ग्राहकाचा जीएसटी नंबर, पार्टीची नावं, रेट झाकलेत का, दोनदा बघा. ग्राहकाशी करार करतानाच एक ओळ टाका की सर्वसाधारण दुरुस्त्या मूळ प्रोजेक्टला पाठवायची परवानगी आहे. नोकरी सांभाळून हे करत असाल तर मालकाचीही परवानगी लागेल.

आता थोडं कडू बोलतो. ऑक्टोबर महिन्यात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम होतो. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. लोकांनी काय केलं? दुसऱ्यांच्या प्रोजेक्टच्या माहितीपत्रकात एखादा शब्द घुसवून ढिगाने रिक्वेस्ट पाठवल्या. मेंटेनर लोक इतके वैतागले की उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला: जे प्रोजेक्ट स्वतःहून सामील होतील तेवढेच धरायचे. त्या ढिगाला आपल्याच देशातल्या शिकवणीच्या व्हिडिओंचा हातभार होता, हे मी व्हिडिओवाला असून सांगतोय. रेझ्युमेवर एक ओळ हवी म्हणून पलीकडच्या माणसाचा वेळ खाणं हा धंदा नाही. तुमची रिक्वेस्ट वाचणारा माणूस कित्येकदा पगाराशिवाय वाचत असतो. उत्तराला कधी महिना लागतो, कधी "नको" येतं. कारण विचारा, वाद घालू नका.

म्हणून पहिला बदल लहान ठेवा. तुम्हाला खरोखर नडलेला एकच बग. आधी तो कोणी नोंदवलाय का शोधा. मग आपली फोर्क, वेगळी ब्रँच, एकच दुरुस्ती, शक्य असेल तर तिची टेस्ट. सोबत चार ओळी: काय चुकत होतं, कसं तपासलं. ईआरपीनेक्स्टमध्ये बदल 'डेव्हलप' ब्रँचवर पाठवायचा असतो, ग्राहकाकडे चालू असलेल्या व्हर्जनवर नाही. नवे लोक इथेच अडखळतात.

पुढच्या व्हिडिओत हे सगळं स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत कॉम्प्युटरवर गिट बसवून ठेवा आणि सरावासाठी स्वतःच्याच खात्यात एक रिकामा प्रोजेक्ट उघडा. सरावाच्या रिक्वेस्ट तिथेच पाठवायच्या, कितीही.