बिशपचं चरित्र आणि 'लोक काय म्हणतील?'



'थोर व्यक्तीचे चरित्र' हा निबंध आपण मुलांकडून कसा लिहून घेतो? जन्म, शिक्षण, पद, मृत्यू. झाला निबंध! या पद्धतीनं लुई जॉर्ज मिल्न यांचं चरित्र दोन ओळींत संपतं. जन्म १८४३, शिक्षण ऑक्सफर्डला, १८७६ ते १८९७ मुंबईचे अँग्लिकन बिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे इथले मुख्य धर्माधिकारी. मृत्यू १९२१. पण यातून माणूस कळला का? मला वाटतं, नाही. माणूस कळतो तो त्यानं दुसऱ्याला दिलेल्या सल्ल्यातून.

मिल्न यांचा एक सल्ला पाहा. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकू-शिकवू लागल्या. त्यांनी तरुण मुलांनाही शिकवावं, असा विचार पुढे आला. तेव्हा मिल्न आणि लाहोरचे बिशप या दोघांनी विरोध केला. रमाबाईंना शिकवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. मिल्न यांची भीती वेगळी होती: बाईनं पुरुषांना शिकवल्याचं कळलं, तर भारतात तिचं वजन कायमचं संपेल.

म्हणजे काय, तर 'लोक काय म्हणतील?'

रमाबाईंचं उत्तर साधं होतं. माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं यावर कधी हरकत घेतली नाही, मग तुम्ही का घेता?

मिल्न यांना खलनायक ठरवू नका. त्यांना रमाबाईंचं भलंच हवं असेल. पण आपणही मुलींना नेमक्या याच काळजीपोटी अडवतो ना?

आणि लोक गप्प बसतात का? रमाबाईंचं शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून गदारोळ झाला, अनेक मुली काढून नेल्या. तरी काम थांबलं नाही. त्याच सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्येच विवाह केला. कर्व्यांचं हिंगण्याचं काम आपल्या कोथरूडला लागूनच उभं राहिलं. आपण रोज ज्या कर्वे रस्त्यानं जातो, तो त्यांच्याच नावाचा.

म्हणून पुढच्या चरित्रनिबंधाला सनावळीसोबत एक प्रश्न जोडा: 'या व्यक्तीनं कुणाला काय सल्ला दिला, आणि ऐकणाऱ्याला तो पटला का?' मिल्न यांची बाजू एका गटाला द्या, रमाबाईंची दुसऱ्याला. मुलं छान भांडतील, आणि कारणं देऊन लिहायला शिकतील.

पालकहो, तुमच्यासाठी एवढंच. मुलीला 'नको' म्हणायचंच असेल, तर खरं कारण सांगा. लोकांचं नाव पुढे करू नका.