पंधरा दिवसांचा अहवाल

एकवीस वर्षांच्या आतल्या तरुणाला तुरुंगात धाडण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, असे 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम 6 सांगते. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे तेवढे याला अपवाद. बाकी प्रकरणांत आधी आरोपीचे घर, माणसे, कामधंदा पाहायचा; त्यातूनही तुरुंगच योग्य वाटला, तर तसे का वाटले हे न्यायाधीशाने लिहून ठेवायचे. अठराच्या आतल्या मुलांबाबत 2015 चा बाल न्याय कायदा आणखी पुढे जातो. मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळाच्या हाती पडायला हवा.

कायदा इतका स्पष्ट असताना चिंता कशाची? चिंता आहे ती हा अहवाल लिहिणाऱ्या माणसाची. अशी माणसे किती आहेत, कुठे आहेत आणि त्यांच्या पाठीवर आणखी काय काय लादले आहे, हे आपण विचारत नाही.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. नगरहून अकोले शंभर किलोमीटरहून लांब, आणि तिथून पुढे आदिवासी पाड्यांचा घाट सुरू होतो. दुसऱ्या टोकाला जामखेड. केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षासाठी विधी तथा परिवीक्षा अधिकारी ठरवला आहे तो एक. जिल्हा लहान असो की नगरएवढा. पद कंत्राटी. जोडीला निरीक्षणगृहातले आणि महिला व बालविकास खात्याचे परिवीक्षा अधिकारी असतात. पण त्याच खात्याकडे निराधार बालकांच्या योजना, संस्थांच्या तपासण्या, बालविवाहाच्या तक्रारी असा मोठा पसारा आहे. प्रौढ अपराध्यांच्या परिवीक्षेचे कामही महाराष्ट्रात याच खात्याच्या पदरात पडते. बालकांची कामे तातडीची असतात, त्यांची विचारणा वरून रोज होते. पंचवीस वर्षांच्या चोराच्या घरी जाऊन आलात का, हे कोण विचारतो?

घरी जाणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. समजा, पाथर्डी तालुक्यातला सतरा वर्षांचा एक मुलगा मोटारसायकल चोरीत सापडला. अधिकारी वस्तीवर जातो तो डिसेंबरात. घराला कुलूप. आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलेले, ते परतणार मार्च-एप्रिलमध्ये. घरात असलीच तर आजी, आणि तिला नातवाचा गुन्हा काय हेही नीट ठाऊक नसते. आता चांगला अधिकारी काय करतो? मुकादमाकडून फडाचा पत्ता काढतो, तिथे जातो, कोपीत बसून बापाशी बोलतो. शाळेच्या हजेरीपटात मुलगा कोणत्या महिन्यांत गैरहजर असायचा ते पाहतो. तेव्हा कळते की मुलगा दर हंगामात आईबापांबरोबर जायचा, आठवीला शाळा सुटली, आणि यंदा तो पहिल्यांदाच गावात एकटा मागे राहिला होता. या एका वाक्यावर मंडळाचा निर्णय बदलू शकतो. पण ते वाक्य मिळवायला दोन दिवस आणि गाडीखर्च लागतो. ज्याच्यापुढे फायलींची थप्पी आहे तो ग्रामसेवकाला फोन करील, पोलीस पाटलाला विचारील आणि लिहील: ‘कौटुंबिक नियंत्रणाचा अभाव.’ त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. एका माणसाकडून जेवढे होते तेवढेच तो करतो.

याहून मोठा धोका छापील रकान्यांत आहे. 2016 च्या आदर्श नियमांतला या अहवालाचा नमुना क्रमांक 6 कुटुंबातल्या इतरांचा गुन्ह्यांशी आलेला संबंध विचारतो: कोणता गुन्हा, अटक झाली का, किती दिवस कोठडीत होते. एरवी हा प्रश्न रास्तच. पण श्रीगोंदा, कर्जत, पारनेरमधल्या पारधी वस्तीवर हाच रकाना भरायला घ्या. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची त्यातून सुटका 1952 साली झाली. पोलिसांच्या मनातला संशय काही त्या वर्षी सुटला नाही. परिसरात चोरी झाली की उचलले जाणारे बाप, चुलते, मामा यांच्या अटकांनी तो रकाना भरतो. त्यातल्या किती जणांवर दोष सिद्ध झाला, हे शोधायला अधिकाऱ्याला वेळ हवा. वेळ नसेल तर गावाचा पूर्वग्रह सरकारी कागदावर चढतो आणि न्यायालयापुढे पुरावा म्हणून जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधल्या जातीच्या नोंदी घटनाबाह्य ठरवल्या. तुरुंगाच्या दाराशी पुसलेली ती नोंद या अहवालाच्या वाटेने परत येऊ नये.

आणखी एक अडसर 1958 च्या कायद्याच्या कलम 4 मध्येच आहे. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचे तर अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात अपराधी जिथे राहणार असेल तिथे, कायम राहण्याचे ठिकाण किंवा नियमित व्यवसाय हवा. गायरानावर पाल ठोकून राहणाऱ्याने, सहा महिने फडावर असणाऱ्याने तो कुठून दाखवावा? वर्षानुवर्षे एकाच वस्तीवर परतणारे कुटुंब हे ‘ठिकाण’च आहे, असे न्यायालयाला पटवून देऊ शकणारा माणूस परिवीक्षा अधिकारीच. तो गेला नाही, तर कायद्याची सवलत ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांच्यापुरती उरते.

19 मे 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर महाराष्ट्र चिडला, ते योग्यच होते. दोन तरुण अभियंते जिवानिशी गेले आणि अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला, तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह. पण महिनाभर चर्चा चालली ती निबंधाची. बाल न्याय कायद्याच्या कलम 12 मध्ये जामिनाबरोबरच परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीची तरतूद आहे, आणि ही देखरेख कोण, कशी, किती दिवस करतो, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. समाजाने त्यातून धडा घेतला तो ‘कडक शिक्षा करा’ एवढाच. त्या कडकपणाचा फटका श्रीमंत बापाच्या मुलाला बसत नाही. त्याच्याकडे वकील असतो. तो बसतो पाथर्डीच्या त्या मुलाला.

ज्यांनी ही व्यवस्था मोडून पाहिली त्यांचा अनुभव आपल्यासमोर आहे. इंग्लंडमध्ये परिवीक्षेचा कायदा 1907 पासून आहे. 2014 मध्ये तिथल्या सरकारने कमी आणि मध्यम धोक्याचे अपराधी एकवीस खासगी कंपन्यांकडे सोपवले. काही वर्षांतच तिथल्या मुख्य निरीक्षकांनी दाखवून दिले की कित्येक अपराध्यांवरची देखरेख सहा आठवड्यांतून एका फोनवर आली आहे. 2021 मध्ये सारे काम पुन्हा सरकारी सेवेकडे आणावे लागले. मधल्या काळात अनुभवी माणसे निघून गेली, ती काही परत आली नाहीत. आपल्याकडे कोणी खासगीकरण जाहीर केलेले नाही. पण एका माणसावर चौदा तालुके टाकले, तर काम शेवटी फोनवरच येणार.

आणि कामे वाढतच आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही नवी शिक्षा आणली. पहिल्यांदाच केलेली पाच हजार रुपयांखालची चोरी, मुद्देमाल परत केला असेल तर, या शिक्षेत बसते. सुधारणा चांगली आहे. मात्र ती शिक्षा कोणाच्या नजरेखाली भोगायची, सेवा झाली की नाही हे न्यायालयाला कोणी कळवायचे, याची यंत्रणा संहितेने उभी केलेली नाही. आज ना उद्या हे ओझेही परिवीक्षा अधिकाऱ्याच्याच टेबलावर येईल असे मला वाटते. माणूस तोच आणि टेबलही तेच राहिले, तर नवी शिक्षा कागदावरच भोगली जाईल.

म्हणून दोन मागण्या, आणि त्या आत्ताच करायला हव्यात. शासनाने प्रौढांच्या परिवीक्षेसाठी उपविभागनिहाय स्वतंत्र, कायम पदे निर्माण करावीत; संगमनेर, श्रीरामपूर, कर्जत इथून काम झाले तर अधिकारी वस्तीवर पोहोचू शकेल. दुसरी मागणी वकिलांकडे आणि न्यायालयांकडे. 1958 च्या कायद्याचे कलम 13 मान्यताप्राप्त संस्थेने दिलेल्या व्यक्तीला, आणि विशेष परिस्थितीत न्यायालयाला योग्य वाटेल अशा कोणत्याही व्यक्तीला परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करू देते. नगरमध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारे सीएसआरडीसारखे महाविद्यालय आहे, भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आहेत. पदे भरेपर्यंत या कलमाचा वापर व्हावा. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक वकिलाने, पुढे आलेला अहवाल मान्य करण्याआधी, एवढे तरी विचारावे: अधिकारी घरी कोणत्या तारखेला गेले होते आणि तिथे कोण भेटले?