शोकेसमधला समुद्र

आमचे साडू नेदरलँड्सला असतात. परवाच्या सुट्टीत ते डच अंमलाखालच्या बोनेर या कॅरिबियन बेटावर जाऊन, पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात डुबक्या मारून आले. आमच्याकडे आल्या आल्या त्यांनी निसर्गशुल्काच्या ४० डॉलरवरून बोटं मोडली आणि आमच्या शोकेससाठी म्हणून प्रवाळाचा मुठीएवढा तुकडा टेबलावर ठेवला. त्यावर मेंदूसारख्या वळ्या होत्या!

साडूंपुढे मी सहसा बोलत नाही. पण हिशेब चुकला की आमच्यातला कारकून जागा होतो.

"अहो, तिथला समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत १९७९ पासून राखीव आहे. प्रवाळ तोडायचं नाहीच, शिवायचंही नाही. हात सळसळू नयेत म्हणून हातमोजेसुद्धा बंद!"

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

काय होतंय? हे असलं प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. आमच्या बचत खात्यावरचं व्याजसुद्धा त्याहून चपळ! या तुकड्याला दहा वर्षं तरी लागली असतील. ४० डॉलर भरून ठेवी बघायला मिळतात. मुद्दल खिशात घालायला नाही. बँकेत याला अफरातफर म्हणतात.

हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की टाकीवाचून माझा श्वास कोंडला. तुकडा मात्र मी शोकेसमध्ये ठेवू दिला नाही. पण आता त्याचं करायचं काय? काढलेली रक्कम परत भरून घेणारी खिडकी समुद्रात नसते.